भूतयज्ञ आणि स्थानशुद्धी

घरात अन्न शिजले म्हणजे ते केवळ घरच्यांसाठी शिजलेले नसते, ही समजूत आपल्या गृहस्थाश्रमाच्या मुळाशी आहे. तैत्तिरीय आरण्यकात जे पाच महायज्ञ नित्य करावयास सांगितले आहेत, त्यांत देव, पितर, मनुष्य आणि ब्रह्म म्हणजे वेदाध्ययन यांच्याबरोबरच भूतयज्ञाची गणना आहे. आणि भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रास अन्नाचा बली देणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हीच गोष्ट अधिक कठोर शब्दांत सांगितली आहे. जो स्वतःपुरतेच रांधतो तो पापच खातो, असा तेथे निर्वाळा आहे. आपल्याकडील जेवणापूर्वीच्या चित्राहुती, श्राद्धातील काकबली, पहिल्या पोळीचा गोग्रास ही सारी त्या एकाच विधानाची घरगुती रूपे होत.

आता वैश्वदेव बहुतेक घरांतून उठला. ज्या घरांत नेमाने अग्नीत आहुती पडत असे, त्यांची नातवंडे आज चौथ्या मजल्यावर राहतात आणि तेथे गॅसची शेगडी असते. परंतु संस्कार समूळ जात नाही; तो रूप पालटून राहतो. सकाळी स्नान आटोपून गच्चीत मूठभर ज्वारी-बाजरी टाकणारा गृहस्थ स्वतःस याज्ञिक म्हणवून घेणार नाही, तरी तो करतो तो भूतयज्ञच आहे. म्हणूनच तो यज्ञ यथासांग होतो की नाही हे विचारण्याचा अधिकार आपल्यास पोहोचतो.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य जयपूरच्या आदर्श नगरात आहे. फाळणीनंतर पंजाब, सिंध, मुलतान इकडून सर्वस्व टाकून आलेल्या कुटुंबांनी ही वसाहत भरली. येथून रामनिवास बाग जवळ आहे. तेथील अल्बर्ट हॉलच्या समोर, १८८७ साली सर्वांस खुल्या झालेल्या त्या भव्य इमारतीच्या पुढ्यात, कबुतरांचा केवढा समुदाय जमतो हे जयपूर पाहिलेल्या प्रत्येकास ठाऊक असेल. राजस्थानात पक्ष्यांसाठी टाकलेल्या दाण्यास ‘चुग्गा’ म्हणतात आणि उन्हाळ्यात झाडाला टांगलेल्या पाण्याच्या मातीच्या भांड्यास ‘परिंडा’. वैशाख-ज्येष्ठात येथील पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांस भिडतो, तेव्हा परिंडा बांधणे हे या प्रांतात श्रेष्ठ पुण्य मानतात. आणि ते योग्यच आहे. दयेची येथे उणीव नाही. मला जो प्रश्न पडतो तो दयेच्या पुढच्या पायरीवरचा आहे.

आमच्या वसाहतीच्या एका चौकात रोज पहाटे धान्य ओतले जाते. कोणी वाटीभर, कोणी पिशवीभर. अमावास्येस आणि एकादशीस विशेष. दाणे टाकणारा हात जोडतो आणि जातो. कालचे न खाल्लेले धान्य तेथेच असते, त्यावर रात्रीची विष्ठा असते, पाऊस पडून गेला असेल तर बुरशी धरलेले असते, आणि त्या साऱ्यावर आजचे ताजे धान्य पडते. सूर्य वर आला की झाडूवाली बाई येते. पदर नाकाशी धरून ती तो वाळलेला थर खरवडते, धूळ उडते, आणि तिच्या खोकल्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. पुण्य एकाचे आणि धूळ दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. ती धर्माला मान्य आहे काय?

येथे पूर्वपक्ष असा मांडला जाईल: माझा भाव शुद्ध आहे. मी भुकेल्या जिवास अन्न दिले. पुढे त्या जागेचे काय झाले, कोणता पक्षी आजारी पडला, कोणाला खोकला झाला, हे ज्याच्या त्याच्या प्रारब्धावर आहे. कर्म करावे आणि फळाची चिंता करू नये, असेच गीतेचे सांगणे नाही काय?

हा पूर्वपक्ष वरवर दिसतो तितका दुबळा नाही. पुष्कळ सज्जन माणसे मनोमन हाच विचार करतात. म्हणून प्रथम त्या जागेवर प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे, आणि मग शास्त्राकडे वळावे.

कबुतरे आणि पारवे-होले यांच्या घशात ‘ट्रायकोमोनास’ नावाचा एक सूक्ष्म परजीवी वास करतो. मोठ्या पक्ष्यास पुष्कळदा त्याचा काहीच उपद्रव होत नाही. पिलांना मात्र आईबापांच्या चोचीतूनच तो मिळतो. रोग बळावला की घशात पिवळट गाठी होतात, पक्ष्याला गिळता येत नाही. तो भुकेने दाणा उचलतो, घोळवतो आणि लाळेसह पुन्हा खाली टाकतो. तोच ओला दाणा दुसरा पक्षी उचलतो. म्हणजे ज्या जागी आपण अन्न ठेवले तीच जागा रोग देण्याघेण्याची पेठ होते. हा परजीवी ओलाव्यात टिकतो आणि कोरड्यात मरतो, ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा पुढे उपयोग होणार आहे. इंग्लंडात घरोघरी बागेत पक्ष्यांस खाऊ घालण्याची मोठी चाल आहे. तेथे हाच रोग २००५ साली कबुतरांच्या कुळातून हरित फिंच नावाच्या लहान पक्ष्यांत पसरला आणि तो पक्षी इतका घटला की २०२१ साली त्याची नोंद संकटग्रस्तांच्या लाल यादीत करावी लागली. ज्यांनी त्याला प्रेमाने दाणे घातले त्यांच्याच अंगणात तो मेला. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स ही तेथील पक्षिरक्षणाची जुनी संस्था. सपाट फळीवर दाणे ठेवल्याने रोग फैलावतो या शंकेवरून तिने २०२५ साली तशा फळ्यांची स्वतःची विक्री थांबविली. दयेने चालणाऱ्या संस्थेने आपल्याच दयेचे साधन तपासून पाहावे, हे मला आदरणीय वाटते.

घाणेरड्या दाणास्थानी साल्मोनेलाचे जंतूही विष्ठेतून अन्नात जातात. रात्रभर पडून राहिलेल्या धान्यावर उंदीर-घुशी येतात. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात जे विष उत्पन्न होते ते पक्ष्याच्या यकृताचा नाश करते. आणि वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर माणसाच्या फुप्फुसाला अशी सूज येते की काहींची फुप्फुसे कायमची कठीण होतात. हे सारे आज वैद्यकास ज्ञात आहे. अज्ञानाचा आधार आता आपल्याला उरला नाही.

आता शास्त्र पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन भेद केले आहेत. सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र हे तीन शब्द एका ओळीत आले आहेत, आणि त्यांत ‘देश’ पहिला आहे. आपण ‘देश’ म्हणजे काशी-प्रयाग एवढाच अर्थ घेतो. परंतु ज्या जागी दान घेणारा ते घेईल ती जागा, हा अर्थ अधिक व्यापक आहे आणि तीर्थाचा अर्थही त्यातच येतो. तामस दान कोणते? जे अदेशी, अकाली, अपात्री दिले जाते; आणि पुढे दोन विशेषणे आहेत, ‘असत्कृत’ आणि ‘अवज्ञात’. भाषांतर करणाऱ्यास या दोन शब्दांपाशी थांबावे लागते. ‘अवज्ञात’ म्हणजे अपमानपूर्वक, हे सोपे आहे. ‘असत्कृत’ म्हणजे अपमान नव्हे, सत्काराचा अभाव. घरी आलेल्या अतिथीला आपण शिव्या दिल्या नाहीत, पण काल दुसरा जेवला त्याच खरकट्या पानावर आज त्याला वाढले, तर त्या अन्नाला काय म्हणावे? ते ‘असत्कृत’ होय. चौकातील धान्यास दुसरे नाव मला सापडत नाही.

फळाची चिंता करू नये या वचनाचा आश्रय घेणाऱ्यांनी अठराव्या अध्यायातील तामस कर्माचे लक्षण वाचावे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चारांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस, असे तेथे म्हटले आहे. श्रीशंकराचार्य ‘अनुबंध’ याचा अर्थ करतात, कर्माच्या मागून येणारे. आणि ‘पौरुष’ या शब्दाचा त्यांनी केलेला अर्थ तर आपल्या प्रस्तुत विषयासाठीच केला की काय असे वाटावे: हे कर्म मी शेवटास नेऊ शकेन, असे स्वतःचे सामर्थ्य. म्हणजे आरंभ करणाऱ्याने समाप्ती आपल्या हातून होईल की नाही हे आधी पाहावे. फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि परिणामाकडे पाठ फिरविणे निराळे. ‘मला पुण्य मिळो’ ही इच्छा फलासक्ती आहे, आणि चौकात हात जोडणाऱ्याने ती सोडलेली नसते. त्याने सोडलेला असतो तो परिणामाचा विचार. नेमके जे सोडावयाचे ते धरले आणि जे धरावयाचे ते सोडले.

ज्यांना गीतेपेक्षा विधिग्रंथाचे वचन अधिक स्पष्ट वाटते त्यांच्यासाठी दोन स्थळे सांगतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्रे, समाजाबाहेर पडलेले लोक, रोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न भूमीवर ठेवण्यास सांगितले आहे, आणि कसे ठेवावे यासाठी ‘शनकैः’ हा एक शब्द घातला आहे. सामान्य अर्थ, हळूहळू. मी पाठशाळेत होतो तेव्हा वाटे, हळू ठेवले काय नि भरभर ठेवले काय, कावळ्याला त्याचे काय? कुल्लूकभट्टाची टीका पाहिली म्हणजे उलगडा होतो. अन्नाला धूळ लागू नये अशा रीतीने, असा तो अर्थ देतो. ज्या स्मृतीतील कित्येक वचने आज आपल्याला मान्य करता येत नाहीत, तिनेसुद्धा कृमीच्या घासाला धूळ लागू नये एवढी काळजी घेतली आहे.

दुसरे स्थळ आपस्तंब धर्मसूत्रातील. तेथे बलीच्या प्रत्येक स्थानाचा संस्कार सांगितला आहे. आधी हाताने जागा पुसावी, मग पाणी शिंपडावे, मग बली ठेवावा, आणि नंतर भोवती पुन्हा पाणी फिरवावे. चार क्रिया आहेत, त्यांत अन्न ठेवणे ही एकच. उरलेल्या तिन्ही जागेच्या शुद्धीच्या आहेत. आणि ‘हाताने’ असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या हाताने बली ठेवावयाचा तोच हात आधी जमीन पुसतो. झाडणाऱ्याचा हात वेगळा आणि देणाऱ्याचा वेगळा, ही सोय सूत्रकाराने ठेवलेली नाही. आपण चारांतील एक क्रिया ठेवून घेतली आणि तीन त्या झाडूवालीकडे दिल्या, तीही विचारल्याशिवाय.

(एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. वाळलेली विष्ठा असेल तेथे सूत्रातील क्रम थोडा फिरवून प्रथम पाणी शिंपडावे आणि मग पुसावे, नाहीतर धूळ नाकातोंडात जाते. नाकाला फडके बांधावे व हातमोजे घालावेत. सूत्रकाराच्या समोर नित्य सारवलेले अंगण होते, आपल्यासमोर सिमेंटची गच्ची आहे.)

कोणी असेही म्हणतील की केरसुणीने झाडण्यातही किडामुंगीची हिंसा होते. हे खरे, म्हणून तर चूल, जाते, उखळ, पाण्याचा घडा यांच्याबरोबर केरसुणीचीही गणना घरातल्या पाच ‘सूनां’त, म्हणजे नकळत जीव जाण्याच्या स्थानांत, केली आहे. परंतु त्या पाचांच्या निष्कृतीसाठी केरसुणी टाकून द्या असे कोणी सांगितले नाही. पंचमहायज्ञ करा, असे सांगितले. केरसुणीच्या पापाचे परिमार्जन भूतयज्ञाने व्हावयाचे. तो भूतयज्ञच केरसुणीवाचून रोगाचे आगर झाला तर हिशेब कोठे जुळावा?

स्वच्छतेत केवळ जागा धुणे येत नाही, मेलेले उचलणेही येते. याचा दारुण प्रत्यय जयपूरपासून सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरांवरील सांभर सरोवराने २०१९च्या नोव्हेंबरात दिला. तेथे १८,०००हून अधिक पक्षी मेले. ते दाण्यांनी मेले नव्हते. चिखलातील जंतूच्या ‘बोट्युलिझम’ या विषाने त्यांचे पंख आणि माना लुळ्या पडल्या. पण मृत्यू वाढत का गेला हे पाहण्यासारखे आहे. मेलेल्या पक्ष्याच्या शरीरात अळ्या पडतात, अळ्यांत ते विष साठते, जिवंत पक्षी अळ्या खातो आणि मरतो, आणि त्याच्या शरीरात पुन्हा अळ्या पडतात. हे चक्र तोडण्याचा मुख्य उपाय म्हणजे मृत शरीरे वेचून, दूर नेऊन पुरणे. दलदलीत उतरून ज्यांनी ते काम केले त्यांना कोणी पुण्यवान म्हणून हार घातले की नाही, मला माहीत नाही. माझ्या मते त्या दिवसांत राजस्थानातील श्रेष्ठ भूतयज्ञ त्यांनी केला.

त्याच राजस्थानात दुसरेही चित्र आहे. फलोदीजवळील खीचन गावी दर हिवाळ्यात मध्य आशियाकडून कुरजां, म्हणजे करकोचे, सहस्रावधी संख्येने उतरतात आणि गावकरी त्यांना धान्य घालतात. रतनलाल मालू यांनी सपत्नीक १९७०च्या दशकात हा क्रम सुरू केला. विशेष हे की तेथे धान्य रस्त्यावर ओतीत नाहीत. गावाने त्यासाठी कुंपण घातलेले स्वतंत्र ‘चुग्गाघर’ केले, कुत्री आत शिरणार नाहीत असे पाहिले. ज्याने ‘देश’ हा शब्द समजून घेतला त्याचे दान असे असते. २०२५ साली खीचनच्या पाणथळीला रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली.

आणि त्याच २०२५ साली मुंबईत दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, श्रद्धाळू मंडळी रस्त्यावर उतरली, ताडपत्री ओढून काढली गेली. एका बाजूला दम्याचे रोगी, दुसऱ्या बाजूला जीवदयेचे व्रती. महाराष्ट्रातील वाचकांना तो प्रसंग आठवत असेल. त्या वादात कोण किती बरोबर हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की दाणे आमचे आणि घाण नगरपालिकेची, असा व्यवहार अनेक दशके चालल्यावर शेवटी निवाडा ताडपत्रीनेच व्हावयाचा. जो स्वतःच्या कर्माला मर्यादा घालीत नाही त्याला ती बाहेरून येते. शिवाय उघड्यावर ओतलेल्या धान्याचा लाभ बहुशः कबुतरांनाच होतो. चिमणी, बुलबुल, सातभाई, साळुंकी यांना त्या गर्दीत चोच घालावयास मिळत नाही. पात्रविवेक हाही दानाचाच भाग आहे.

मग गृहस्थाने करावे तरी काय? आमच्या आळीत एक वृद्धा राहतात. मुलतान सुटले तेव्हा त्या परकर नेसण्याच्या वयाच्या होत्या. सर्वजण त्यांना बीजी म्हणतात. त्यांच्या दारच्या कडुनिंबाला परिंडा आहे, पण परिंडे दोन आहेत: एक टांगलेला, दुसरा ओट्यावर उन्हात पालथा. रोज सकाळी त्या टांगलेला उतरवितात, काथ्याने आतून घासतात, पालथा घालतात, आणि काल वाळलेला भरून टांगतात. दोन कशाला, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ओल्या भांड्यावर ओले घातले तर धुतले कशाला म्हणायचे? परजीवी ओलाव्यात टिकतो आणि कोरड्यात मरतो हे प्राणिशास्त्राने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. बीजींनी ते घर आवरता आवरता हेरले असावे. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांना विचारले तर अशा पुष्कळ गोष्टी निघतील. असो.

दाणे तेवढेच घालावेत जे दोन-तीन घटकांत संपतील. उरले तर दुसऱ्या दिवशी मूठ लहान करावी. सूर्यास्तापूर्वी जागा रिकामी असावी. पक्षी रात्री ज्या फांदीवर बसतात तिच्या खाली दाणे किंवा पाणी ठेवू नये. पाणी रोज पालटावे. पाण्यावाटे डासही होतात हे विसरू नये. भांडे व फळी आठवड्यातून एकदा तरी खरवडून, पाण्यात ब्लीचिंग पावडर अगदी थोडी घालून धुवावी, मग स्वच्छ पाण्याने खळबळून उन्हात पूर्ण वाळवावी. जागा महिन्या-पंधरवड्याने थोडी सरकवावी. शिळा भात, तळलेले, खारवलेले, गोड, हे पक्ष्यांचे अन्न नव्हे. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, राळे हे बरे. खरकटे संपविण्याच्या हेतूने जे घातले जाते ते दान नव्हेच, तो केराचा निकाल आहे. आणि चौकात सर्वांनी मिळून घालावयाचे असेल तर झाडण्याची पाळीही सर्वांनी लावून घ्यावी; एकादशीला धान्य माझे तर एकादशीची केरसुणीही माझी.

एक शंका राहते, आणि ती कोमल मनाच्या माणसांना फार छळते. पक्षी पिसे फुलवून सुस्त बसला आहे, दाणा उचलून टाकतो आहे, चोचीभोवती ओले आहे, असे दिसले तर काय करावे? त्याला अधिक घालावे, असेच मन सांगते. परंतु त्या वेळी दाणे व पाणी दोन्ही बंद करावेत, किमान पंधरा दिवस; सारे धुऊन वाळवावे; आणि जवळपास पक्ष्यांचा दवाखाना असेल तर तेथे कळवावे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. कावळे वा इतर पक्षी एकाएकी अनेक मरू लागले तर पशुसंवर्धन खात्यास लगेच सांगावे. २०२०च्या डिसेंबरात राजस्थानातील झालावाडला कावळ्यांच्या मृत्यूवरूनच बर्ड फ्लूची साथ उघड झाली. आपण दाणे बंद केले म्हणून पक्षी उपाशी मरतील ही भीती बहुधा निराधार असते. ते पांगतात, आणि पांगणे हेच त्या वेळी त्यांचे औषध असते. सोळाव्या दिवशी गच्ची पुसून, पाणी शिंपडून, पुन्हा मूठभर बाजरी ठेवावी, ते येतील.